झाडाची घागर

एका नगरात एक म्हातारा बुरूड राहायचा, आणि तो फार थकला होता. चांगलं काम करणारी माणसंही थकतात, हे गोष्टींमध्ये सहसा कुणी सांगत नाही. पण हा थकला होता, आणि तो का थकला होता तेच आता सांगायचं आहे.

त्या नगराला एक वेस होती आणि वेशीपासून मंडईपर्यंत चढाचा लांबलचक रस्ता होता. पूर्वी रस्त्याच्या दोन्ही अंगांना मोठाली झाडं होती. मग केव्हातरी रस्ता रुंद करायचं ठरलं. झाडं तोडली गेली, रस्ता रुंद झाला, आणि त्यावर ऊन पडलं ते कायमचंच. मंडईला जाणारी माणसं अर्ध्या चढावर धापा टाकत थांबायची, पण थांबायलाही सावली नसायची. एका चैत्रात एक हमाल पाठीवरच्या पोत्यासकट तिथेच कोसळला. तो वाचला, पण पुन्हा ओझं उचलू शकला नाही. त्या दिवशी सगळ्या नगराला लाज वाटली.

लाज वाटली की माणसं चटकन कामाला लागतात. चावडीवर सभा भरली आणि ठरलं की रस्त्यालगतच्या प्रत्येक घराने आपल्या दारासमोर एक झाड लावायचं. बारवेवरून घरचं पाणी आणताना एक घागर झाडासाठी आणायची. तिला सगळे ‘झाडाची घागर’ म्हणू लागले. कुणी कडुनिंब लावला, कुणी करंज, कुणी बहावा. गुरांनी तोंड घालू नये म्हणून बुरुडाने प्रत्येक रोपाभोवती बांबूच्या कामट्यांचा पिंजरा विणून दिला. हे काम त्याने हौसेने आणि फुकट केलं.

सुरुवातीला सगळं छान चाललं. सकाळी बारवेच्या पायऱ्यांवर गर्दी व्हायची, आणि कुणाच्या रोपाला नवं पान फुटलं की आळीभर बातमी जायची. पण बुरुडाला एक सवय होती. त्याचं काम फार नेटकं. सुपाची एक कामटी जरा वर आली तरी तो अख्खं सूप उसवून परत विणायचा. सुपांच्या बाबतीत ही सवय चांगलीच होती. पण तो संध्याकाळी पिंजरे तपासायला निघायचा, आणि ती सवयही त्याच्यासोबत निघायची.

चढाच्या मध्यावर एक खानावळ होती. एके दिवशी खानावळवाल्या बाई लोणच्याची बरणी विसळलेलं पाणी कडुनिंबाला घालत होत्या.

“बाई, हे पाणी खारट असतं,” बुरूड म्हणाला. “झाडाला मीठ चालत नाही.”

“थोडंसंच होतं हो काका.”

“थोडंसं असलं तर तुमच्या आमटीत घाला. झाडाला नको.”

बाई ओशाळल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी बारवेचं स्वच्छ पाणी आणलं, पण ते थेट खोडावर ओतलं. बुरूड म्हणाला, खोडाशी नको, आळ्याच्या कडेकडेने घाला. त्यांनी तसं घातलं, तर म्हणाला, एवढं भराभर नको, मुरू द्या. आणि मग एके दिवशी त्याने त्यांच्या हातातली घागरच काढून घेतली. “द्या इकडे,” तो म्हणाला, “तुम्हाला नाही जमायचं.” बाईंनी घागर दिली आणि पदराला हात पुसत त्या आत गेल्या. दुसऱ्या दिवशी झाडाची घागर आणायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

खानावळीच्या पलीकडे एका पहिलवानाचं घर होतं. गडी दांडगा आणि मनाचा साधा. तो घागर खांद्यावरून उतरवून एका दमात उपडी करायचा. पाण्याचा लोट यायचा आणि आळ्यातली माती रस्त्यावर जायची. हळू घाल म्हणता म्हणता बुरूड कधी घागरच त्याच्या हातून काढून घ्यायचा. नाहीतर पहिलवान घरात गेला की तो यायचा, माती गोळा करून परत भरायचा आणि वर आपली एक घागर हळूहळू घालायचा. पहिलवानाने एकदा हे दारातून पाहिलं. तो काही आळशी नव्हता. त्याने एवढाच विचार केला, की काका पुन्हा घालणारच असतील तर मी कशाला घालू. त्याच्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही तोच केला असता.

अशी एकेका दारातली घागर बंद झाली. कुणी ठरवून सोडलं नाही, कुणी भांडलं नाही. फक्त एका उन्हाळ्यात बुरुडाच्या लक्षात आलं की सकाळी बारवेवरून झाडांसाठी पाणी नेणारा तो एकटाच उरला आहे. त्याने बांबूची एक जाड कावड केली, दोन टोकांना दोन घागरी अडकवल्या आणि वेशीपासून मंडईपर्यंतच्या सगळ्या झाडांना पाणी घालायला लागला. खांद्याला घट्टा पडला. गुडघे कुरकुरायला लागले. झाडं मात्र वाढत होती.

मग नगरशेठने त्याचा सत्कार केला. डोक्यावर पगडी ठेवली, हातात नारळ दिला आणि हा आपल्या नगराचा वृक्षमित्र आहे असं भरल्या गळ्याने सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अगदी मनापासून वाजवल्या, आणि हलक्या मनाने ते आपापल्या घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी बारवेवर पुन्हा तो एकटाच होता. त्या सत्काराने झालं एवढंच, की आधी लोकांना आपण पाणी घालत नाही याचं थोडं वाईट वाटायचं, ते आता वाटेनासं झालं.

बुरुडाची बायको तोंडाने फटकळ होती आणि तिला दिसायचं ते ती बोलायची.

“अहो, रोवळी मागायला बाया येतात नि हात हलवत परत जातात,” ती म्हणाली. “मी त्यांना काय सांगू? आमचे हे पाणक्या झालेत म्हणून?”

“मग झाडं मरू देऊ?”

“मी कुठे म्हणते मरू द्या? ज्याचं झाड त्याला सांगा.”

“सांगून काय होणार? त्यांना जमत नाही.”

“जमत नाही, का तुम्ही जमू देत नाही?”

बुरूड भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. त्याला या बोलण्याचा राग आला होता. आपण मरमर मरतोय, अख्खं नगर अंग चोरून बसलंय, आणि घरची बाईसुद्धा आपल्यालाच बोलतेय. थकव्याची एक वाईट खोड असते. आपण एकटेच खपतोय हे थकलेल्या माणसाला खुपतंही आणि आतून कुठेतरी गोडही लागतं. बुरुडाला ते गोड लागायला लागलं होतं, आणि हे त्याला कळत नव्हतं.

पुढच्या वैशाखात बारवेचं पाणी खूप खाली गेलं. पायऱ्या वाढल्या, चढ होता तेवढाच राहिला. एके सकाळी भरलेली कावड खांद्यावर घेऊन वर येताना बुरुडाच्या कमरेत अशी काही उसण भरली की तो पायरीवर बसला तो उठेचना. चार माणसांनी उचलून त्याला घरी आणलं. वैद्याने कमरेला लेप लावला आणि हलायचं नाही म्हणून बजावलं. बायकोने त्याची खाट ओसरीवर टाकली. तिथून सगळा रस्ता दिसायचा.

रस्त्यावर झाडांना पाणी घालायला कुणीही आलं नाही.

लोक आले ते त्याच्याकडे. खानावळवाल्या बाईंनी मुगाची पातळ खिचडी आणली. पहिलवान तिळाचं तेल घेऊन आला आणि त्याने आपल्या जाडजूड हातांनी काकांची कंबर हलकी हलकी चोळून दिली. सगळे मायेने चौकशी करायचे, उसासा टाकायचे आणि म्हणायचे, “तुमच्यावाचून झाडं सुकायला लागली हो काका.” असं म्हणून ते त्याच सुकणाऱ्या झाडांच्या जवळून घरी जायचे.

बुरुडाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण तो काही बोलायचा नाही. आज कुणाला तरी सुचेल, असं म्हणून तो वाट बघायचा. करंजाची पानं लोंबायला लागली. कोवळ्या बहाव्याची पानं कडेने करपली. अजून थोडे दिवस असेच गेले असते, तर त्या रस्त्यावर पुन्हा नुसतं ऊन उरलं असतं.

“एकदा सांगा ना त्यांना,” बायको म्हणाली.

“त्यांचे डोळे काय फुटलेत? दिसत नाही त्यांना?”

“दिसतं की. पण झाडं तुमची आहेत असं वाटतं त्यांना. शेजारच्या घरात कुणी आजारी असलं की वाईट वाटतं ना, तसं त्यांना वाईट वाटतंय.” ती त्याच्या उशाशी बसली. या वेळी तिच्या आवाजात फटकळपणा नव्हता. “तुम्ही ती झाडं घेतलीत त्यांच्याकडून. आता परत करा.”

मागायचं कसं, याचाच बुरुडाला दुपारभर घोर लागला होता. कावड उचलणं त्याला कधी इतकं जड गेलं नव्हतं. शेवटी उन्हं उतरल्यावर त्याने पहिलवानाला आणि खानावळवाल्या बाईंना बोलावून घेतलं.

“मला आता होत नाही,” तो म्हणाला. “तुमची झाडं तुम्ही सांभाळा. बाकीच्या घरांनाही सांगा.”

दोघं एकमेकांकडे बघायला लागले.

“पण काका, आमचं चुकतं ना,” बाई म्हणाल्या.

“चुकू दे.”

तो म्हणाला खरा, पण म्हणताना त्याने डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारोदार माणसं घागरी घेऊन उभी राहिली. काही घागरी इतक्या दिवसांनी निघाल्या होत्या की त्यांची तोंडं काळवंडली होती. बुरूड खाटेवरून बघत होता. पहिलवानाने घागर खांद्यावरून उतरवली आणि बुरुडाला माहीत होतं अगदी तशीच, एका दमात उपडी करायला सुरुवात केली. माती रस्त्यावर आली. बुरुडाला राहवेना. त्याने काठी शोधली, कंबर धरली आणि एक एक पाऊल टाकत, दात आवळून तो पहिलवानाच्या दारापर्यंत गेला.

पहिलवानाने त्याला बघितलं. घागर अजून अर्धी भरलेली होती. त्याने जुन्या सवयीने ती पुढे केली.

“घ्या काका,” तो म्हणाला.

बुरुडाचे हात आपसूक वर आले. अर्धीच तर घागर होती. कडेकडेने, हळूहळू, माती न उकरता ती कशी घालायची हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? पण तेवढ्यात त्याची नजर चढावर गेली. खानावळवाल्या बाई घागर कमरेवर घेऊन थांबल्या होत्या. त्यांच्या पुढच्या दारातली सून थांबली होती. तिच्याही पुढे माणसं थांबली होती. सगळे त्याच्या हातांकडे बघत होते. त्याने ती घागर घेतली असती, तर त्या सगळ्यांनी आपल्या घागरी खाली ठेवल्या असत्या आणि सुटलो म्हणून घरात गेले असते.

त्याने हात मागे घेतले आणि काठीवर ठेवले.

“मला नाही उचलत,” तो म्हणाला. “तूच घाल. जमलं तर हळू घाल.”

पहिलवान थोडा वेळ घोटाळला. मग त्याने उरलेलं पाणी घातलं, जरासं हळू, पण खोडावरच. बुरूड दगडावर बसून बघत राहिला. आयुष्यात इतकं कष्टाचं काम त्याने केलं नव्हतं.

आता गोष्ट इथे संपली आणि सगळी झाडं वाचली असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. पण तसं झालं नाही. बरीचशी वाचली. काही घरांतून पाणी जास्त झालं, काहींतून कमी. वेशीपाशी एका घराने लग्नाच्या गडबडीत झाडाकडे बघितलंच नाही आणि त्यांचा करंज गेला. पहिलवानाचा बहावाही गेला. तो रोज न चुकता घागर घालत होता आणि रोज थोडी माती वाहून जात होती. मुळं उघडी पडली आणि वैशाखाच्या उन्हाने भाजून निघाली.

पहिलवान वाळलेलं झाड घेऊन बुरुडाच्या ओसरीवर आला. एवढा दांडगा गडी, पण त्याचे डोळे भरून आले होते.

“काका, मी एकही दिवस चुकवला नाही,” तो म्हणाला. “तरी का मेलं हे?”

बुरुडाच्या जिभेवर सगळं तयार होतं. मी तुला तेव्हाच सांगत होतो. मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. त्याचं खरंही होतं. पण इतक्या वर्षांत तो न विचारता सांगत आला होता, आणि आज पहिल्यांदा त्याला कुणीतरी विचारत होतं. त्याने जिभेवरचं गिळलं आणि पहिलवानाचा हात धरून त्या वाळक्या मुळांवर ठेवला.

“बघ, यांच्यावर मातीच उरली नव्हती. पाणी जोरात पडलं की माती जाते.”

पहिलवान बराच वेळ मुळं चाचपत राहिला.

“मग तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?”

“सांगत होतो रे,” बुरूड म्हणाला. “पण सांगता सांगता घागर काढून घेत होतो. घागर गेल्यावर माणूस कशाला ऐकेल?”

पावसाळा लागल्यावर पहिलवानाने त्याच जागी दुसरा बहावा लावला. आता तो एक हात पाण्याच्या धारेखाली धरायचा आणि बोटांमधून पाणी झिरपू द्यायचा. ही रीत त्याने स्वतःच काढली होती, बुरुडालाही ती कधी सुचली नव्हती. खानावळवाल्या बाई येणाऱ्याजाणाऱ्याला मोठ्या आवाजात सांगायच्या, की झाडाला खारट पाणी मुळीच चालत नाही. त्या अशा थाटात सांगायच्या की जणू हा शोध त्यांनीच लावला आहे. बुरूड ओसरीवर सूप विणत ते ऐकायचा आणि मान खाली घालून विणत राहायचा.

कंबर पुरती बरी झाली नाहीच. कावड तो पुन्हा उचलू शकला नाही. त्याने एक लहान घागर घेतली आणि आपल्या दारातल्या एका कडुनिंबापुरतं पाणी आणायला लागला. तरी रोज पहाटे त्याला जाग यायची आणि वाटायचं, की पाणी राहिलं असेल. मग तो उठून ओसरीवर येऊन बसायचा आणि शेवटची घागर रिकामी होईपर्यंत आत जायचा नाही. कावड गेली होती, पण थकवा काही उतरला नव्हता.

अशी काही वर्षं गेली. मग एका उन्हाळ्यात त्याला जाग आली तेव्हा ऊन खाटेवर आलं होतं. तो घाबरून उठला, काठी घेतली आणि तसाच रस्त्यावर आला. पहिलं आळं बघितलं, ओलं होतं. दुसरं बघितलं, तेही ओलं. अर्ध्या चढापर्यंत तो असा बघत गेला. सगळं कधीच उरकलं होतं. एवढंच नव्हे, तर त्याच्या दारातल्या कडुनिंबालाही कुणीतरी पाणी घालून गेलं होतं. पहिलवान तालमीला गेला होता. खानावळीत भाकरी थापल्याचा आवाज येत होता. आज काका कसे आले नाहीत, हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

बुरुडाला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगायचं, चांगलंच वाईट वाटलं. ज्याच्यासाठी हाडांची काडं केली ते काम आपल्यावाचून झालं, आणि आपल्याला कुणी एक हाकसुद्धा मारली नाही. तो रस्त्यात काठी टेकून तसाच उभा राहिला.

एका करंजाखाली परगावची एक बाई मूल मांडीवर घेऊन बसली होती. तिने त्याला उन्हात उभं राहिलेलं पाहिलं आणि ती जरा सरकली.

“बसा बाबा,” ती म्हणाली. “गार आहे इथे.”

बुरूड बसला. सावली दाट होती आणि वारा येत होता. इतकी वर्षं या झाडांना त्याने पाणी घातलं होतं, माती घातली होती, पिंजरे बांधले होते. त्यांच्या सावलीत मात्र तो आज पहिल्यांदाच बसला होता.

“कुणी लावली हो ही झाडं?” बाईने विचारलं.

बुरुडाने तोंड उघडलं, आणि मग थोडं थांबून तो म्हणाला, “इथल्या लोकांनी.”

“सांभाळतात छान,” बाई म्हणाली.

“हो,” बुरूड म्हणाला. “सांभाळतात.”

बाई मुलाला थोपटत आणखी काही बोलत होती, पण ते त्याला ऐकू आलं नाही. त्याने झाडाला पाठ टेकली होती, काठी हातातून सुटली होती, आणि कितीतरी वर्षांनी त्याला गाढ झोप लागली होती.

तात्पर्य काढायचं तर एवढंच: चांगलं काम एकट्याने उरावर घेतलं की माणूस मोडतो आणि त्याच्यामागे काम पोरकं होतं, म्हणून ते वेळेवर दुसऱ्याच्या हाती द्यावं, आणि देताना त्याच्या चुकांसकट द्यावं.